दुर्बिणीच्या चुकांचा जमाखर्च

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. फटाक्यांचा धूर विरला होता आणि आमच्या कॉलेजच्या गच्चीवरून आकाश बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होते. पदार्थविज्ञान विभागाने नुकतीच आठ इंची दुर्बीण घेतली होती. गच्चीवर सिमेंटचा पक्का खांब, खांबावर दुर्बीण, दुर्बिणीला मोटारी आणि मोटारींना संगणक असा सगळा थाट होता. संगणकाला ग्रहाचे नाव सांगायचे, की दुर्बीण आपली आपण वळणार आणि त्या ग्रहावर जाऊन थांबणार, असे आम्हांला सांगण्यात आले होते. मी पडलो मराठीचा माणूस. शनीची कडी पाहायला म्हणून गेलो होतो. खरे सांगायचे तर चहाचेही आमंत्रण होते.

विभागातल्या आमच्या स्नेह्यांनी कळ दाबली. दुर्बीण घरघरली, वळली आणि मोठ्या डौलाने थांबली. रांगेतल्या पहिल्या मुलीने डोळा लावला, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "सर, काहीच नाही. नुसता अंधार आहे."

मौज अशी की नुसत्या डोळ्यांना शनी समोर ढळढळीत दिसत होता. दुर्बीण मात्र त्याच्या शेजारी, चंद्राच्या रुंदीइतक्या अंतरावर, रिकाम्या आकाशाकडे अत्यंत निष्ठेने बघत होती.

मग स्क्रू पिळणे सुरू झाले. एक सैल केला, दुसरा आवळला, तेव्हा शनी दृष्टीस पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढे अभिजित तारा पाहू गेलो तर तो हरवलेला! पुन्हा स्क्रू पिळले. अभिजित सापडला, शनी गेला. तास-दीड तास हा खेळ चालला. शेवटी आमचे स्नेही हात झटकत म्हणाले, "पुरे झाली ही दुरुस्ती. आता ती कुठे किती चुकते, तेवढे लिहून काढू. तुमचे अक्षर बरे आहे, तुम्ही वही धरा."

चूक दुरुस्त करायची सोडून ती लिहून काय ठेवायची, हे माझ्या ध्यानात येईना. पुढे त्यांच्याकडून ऐकले, काही वाचले, आणि कळले ते असे की जगातल्या मोठमोठ्या वेधशाळांचा नेम याच उपायावर टिकून आहे. ती हकीकत वाचकांना सांगावी म्हणून हा लेख.

अंश, कला आणि विकला

आकाशातली अंतरे कोनांत मोजतात. आपल्या ज्योतिषग्रंथांतली मापे इथे अजून चालतात. अंशाचे साठ भाग केले की एक कला, आणि कलेचे साठ भाग केले की एक विकला. पौर्णिमेचा चंद्र एवढा मोठा वाटतो, पण त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश, म्हणजे तीस कला किंवा अठराशे विकला. विकला म्हणजे केवढी? इंचभर लांबीची वस्तू सव्वापाच किलोमीटर अंतरावर धरली तर ती जेवढी दिसेल तेवढी.

मोठ्या दुर्बिणीला जो नेम साधावा लागतो तो या विकलांच्या घरातला. दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश एका बारीक फटीतून उपकरणात सोडतात आणि तिथे त्याचे रंग वेगळे करतात. ही फट पुष्कळदा एक-दोन विकलांचीच असते. नेम दहा विकलांनी चुकला तर तारा फटीबाहेर पडतो आणि रात्रभर उपकरणात शिरतो तो केवळ काळोख. तारा ठळक असेल तर शोधून आणता येतो. पण ज्याच्यासाठी एवढी मोठी दुर्बीण बांधली तो बहुधा ठळक नसतोच. तिथे नेमावरच भिस्त.

हलणारे पत्ते

आता कोणी म्हणेल, ताऱ्याचा पत्ता ठाऊक आहे, दुर्बिणीला मोटार आहे, मग अडते कुठे? अडते ते पत्त्यापासूनच. पृथ्वीवर गावाला जसे अक्षांश-रेखांश, तसे आकाशात ताऱ्याला क्रांती आणि विषुवांश. पण ज्या रेषांवरून हे मोजायचे त्याच सरकत असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो आणि त्यामुळे संपातबिंदू वर्षाला पन्नास विकला मागे जातो. वीस वर्षांपूर्वीच्या यादीतला पत्ता आज तसाच वापरला तर हजारएक विकलांची चूक आधीच पदरात पडते.

त्यातच पृथ्वी सूर्याभोवती धावते आहे. सरळ पडणाऱ्या पावसात आपण पळू लागलो की सरी समोरून तिरप्या आल्यासारख्या वाटतात, तसा ताऱ्याचा प्रकाशही किंचित तिरपा येतो आणि तारा वीस विकलांपर्यंत सरकलेला दिसतो. जेम्स ब्रॅडली या इंग्रज ज्योतिर्विदाने १७२९ साली हे कारण जगापुढे मांडले.

तिसरी गोष्ट हवेची. पाण्यात बुडवलेली काठी जशी मोडल्यासारखी दिसते, तसे हवेत शिरणारे किरण वाकतात आणि तारा असतो त्यापेक्षा वर दिसतो. अर्ध्या आकाशात हा फरक एका कलेचा, आणि क्षितिजाशी तर सुमारे चौतीस कलांचा. सूर्याचे बिंब बत्तीस कलांचे. म्हणजे समुद्रकाठी उभे राहून सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली आपण पाहतो, तेव्हा हवा नसती तर सबंध सूर्य क्षितिजाखाली गेलेला असता! आणि शेवटी घड्याळ. आकाश सेकंदाला पंधरा विकला फिरते, तेव्हा घड्याळ एका सेकंदाने चुकले की नेम पंधरा विकलांनी गेला.

हा झाला आकाशाचा हिशेब. त्याची सूत्रे पक्की आहेत आणि संगणक ती क्षणात सोडवतो. खरी कटकट पुढे आहे. ती दुर्बिणीच्या स्वतःच्या अंगात.

यंत्राच्या खोडी

आमच्या गच्चीवरच्या दुर्बिणीला दोन अक्ष आहेत. एक ध्रुवाकडे रोखलेला, त्याला ध्रुवाक्ष म्हणू. दुसरा त्याला काटकोनात आडवा, आणि या आडव्या अक्षावर नळी बसवलेली. कागदावर हे किती सोपे! लोखंडात उतरवताना मात्र ठिकठिकाणी तडजोड होते.

पहिली खोड सर्वांत साधी. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असावे, तसे दोन्ही अक्षांचे शून्य थोडे इकडे-तिकडे असते. दुसरी अशी की नळी आडव्या अक्षाशी अगदी काटकोनात बसलेली नसते. तिसरी, दोन्ही अक्षच एकमेकांशी गुण्यात नसतात. सुताराने गुण्या न लावता चौकट ठोकावी तसे. चौथी आणि पाचवी, ध्रुवाक्ष ध्रुवाच्या किंचित वर किंवा खाली, आणि किंचित डावीकडे किंवा उजवीकडे रोखलेला असतो. सहावी खोड वजनाची. गुढीची काठी उभी धरली तर सरळ राहते, खिडकीतून तिरपी बाहेर काढली की वाकते. दुर्बिणीची नळीही तशीच. माथ्यावर बघताना ती सरळ असते, क्षितिजाकडे झुकली की वाकते.

एका वेळी या साऱ्या खोडी मिळून एकच चूक दाखवतात, आणि तिथेच स्क्रू पिळणारा फसतो. शनी सापडावा म्हणून त्याने एक खोड कमी केली की दुसरीचा तोल जातो आणि आकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात अभिजित हरवतो.

परंतु प्रत्येक खोडीची एक सवय असते. शून्याची चूक सगळ्या आकाशात सारखीच राहते. ध्रुवाक्ष बाजूला कललेला असेल तर पूर्वेकडचे तारे उत्तरेला आणि पश्चिमेकडचे दक्षिणेला, किंवा याच्या उलट सरकलेले दिसतात आणि ऐन डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर ही सरक उरत नाही. तोच अक्ष वर-खाली असेल तर नेमकी त्या रेषेवर ती सर्वांत जास्त. अक्ष गुण्यात नसल्याची चूक विषुववृत्तावर शून्य असते, ध्रुवाकडे वाढत जाते आणि विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेले की उलटी होते. नळी तिरपी बसल्याची चूकही ध्रुवाकडे वाढते, पण ती विषुववृत्तावर नाहीशी होत नाही आणि दक्षिणेत उलटतही नाही. नळीच्या वाकण्याची चूक माथ्यावर नसते, क्षितिजाकडे वाढते.

कसलेला वैद्य ताप कधी चढतो, कधी उतरतो, हे विचारून रोग ओळखतो. तसेच हे आहे. एका ताऱ्यावरून काही कळत नाही. आकाशभर विखुरलेले चाळीस-पन्नास तारे घ्यावेत, प्रत्येकावर दुर्बीण रोखावी, ती किती आणि कुठल्या दिशेने चुकली ते लिहावे. मग त्या टिपणातून एकेका खोडीचे माप वेगळे काढता येते. शून्याची दोन मापे धरली तर आमच्या हिशेबात आकडे होतात सात. चाळीस ताऱ्यांची समीकरणे मात्र ऐंशी. ऐंशी समीकरणे, सात अज्ञात, आणि एकाही समीकरणाचे दुसऱ्याशी अचूक पटत नाही. कारण प्रत्येक मोजणीत हाताची, हवेची थोडी चूक आहेच. अशा वेळी काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे.

जयसिंह, मायर आणि बेसेल

जयपूरच्या सवाई जयसिंहाला हाच काच होता. पितळी यंत्रे लहान पडतात, त्यांचे अक्ष झिजतात, मध्यबिंदू सरकतो आणि वेध चुकतात, अशी त्याची तक्रार होती. त्याने त्यावर राजाला शोभेसा उपाय केला. यंत्र इतके मोठे आणि इतके भक्कम बांधायचे की त्याला हलायला जागाच उरू नये. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे आणि त्याची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसते. पण सूर्य हा बिंदू नाही, बिंब आहे. त्यामुळे सावलीची कड धूसर होते आणि एवढ्या मोठ्या यंत्रावर ती धूसर पट्टी कित्येक बोटे रुंद पडते. एक चूक दगडाखाली गाडली, तर दुसरी उन्हातून आली. जयसिंह १७४३ साली वारला.

त्यानंतर सातच वर्षांनी जर्मनीत टोबियास मायर नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने वेगळीच वाट काढली. चंद्र आपल्याकडे तोंड करून असला तरी थोडासा डोलतो. त्या डोलण्याचे गणित मांडण्यासाठी मायरने चंद्रावरच्या मॅनिलियस या विवराचे वेध घेतले. अज्ञात होते तीन. तीन अज्ञातांना तीन समीकरणे पुरतात हे शाळेतला मुलगाही सांगेल. मायरने घेतले सत्तावीस वेध. मग त्याने नऊ-नऊ समीकरणांचे तीन गट केले, एकेका गटाची बेरीज केली आणि उरलेल्या तीन समीकरणांतून उत्तर काढले. वेध वाढले म्हणजे चुका वाढल्या, असे वाटण्याचा तो काळ. मायरने दाखवले की चुका पुष्कळ झाल्या तर त्या एकमेकींना खातात आणि खरे ते मागे उरते.

याच मायरने वेधशाळेतल्या दक्षिणोत्तर रेषेवर फिरणाऱ्या दुर्बिणीसाठी एक सूत्र दिले. त्यात तीन दोषांना तीन आकडे होते: अक्ष दिशेला किती चुकला, पातळीत किती चुकला आणि नळी किती तिरपी बसली. दुर्बीण आहे तशी राहू द्यायची आणि वेधातून चूक वजा करायची. ही दुर्बीण एकाच रेषेवर फिरते म्हणून तीन आकडे पुरले. साऱ्या आकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीला जास्त लागतात एवढाच काय तो फरक. पुढे लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली लघुतम वर्गांची रीत छापली आणि गाऊसने १८०९ साली तिला भक्कम पाया दिला. उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे आकडे निवडायचे, ही ती रीत. ऐंशी समीकरणांचे भांडण मिटवणारा पंच तोच.

क्योनिग्सबर्गचा बेसेल तर म्हणे की प्रत्येक यंत्र दोनदा घडते: एकदा कारागिराच्या हातून पितळ-पोलादात आणि पुन्हा ज्योतिर्विदाच्या हातून कागदावर, दुरुस्तीच्या कोष्टकांच्या रूपाने. हे नुसते बोलणे नव्हते. त्याने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे अंतर प्रथम मोजले. त्यासाठी त्याला पकडावा लागलेला कोन होता एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. कागदावरचे दुसरे यंत्र नसते तर पितळेच्या पहिल्या यंत्राला हे कधीच साधले नसते.

अंधारातला नेम

बेसेलचा कागद दुर्बिणीच्या आत जाऊन बसायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूनाबाराब्रान गावाजवळ सायडिंग स्प्रिंग नावाचा डोंगर आहे. तिथे ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांनी मिळून ३.९ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली आणि १९७४ सालच्या ऑक्टोबरात तिचे उद्घाटन झाले. तोपर्यंतच्या मोठ्या दुर्बिणींवर ज्योतिर्विद अंशांची वर्तुळे वाचून दुर्बीण अंदाजाने लावी आणि मग आसपासच्या ताऱ्यांचा नकाशा हाती धरून आपला तारा हुडके. एकेका ताऱ्यामागे किती वेळ जाई! आणि मोठ्या दुर्बिणीवरची रात्र ही महिनोन् महिने वाट पाहून मिळालेली असते.

ऑस्ट्रेलियातल्या या दुर्बिणीला पहिल्या दिवसापासून संगणक जोडलेला होता. त्याची ताकद आजच्या खिशातल्या फोनपुढे काहीच नव्हे. पण त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींत पॅट्रिक वॉलेस होते. दुर्बिणीच्या खोडी आकाशभर तपासायच्या, त्यांची मापे काढायची आणि ती संगणकाला देऊन ठेवायची. मग ज्योतिर्विदाने ताऱ्याचा पत्ता दिला की संगणक आधीच चूक वजा करून मोटारींना सांगणार, 'इथे नको, जरा तिथे वळ.' अडीचशे टनांच्या आसपासची ती दुर्बीण अशा रीतीने सुमारे दोन विकलांपर्यंत नेम साधू लागली. लोखंड होते तेच होते. त्याच्या खोडी तेवढ्या माहीत झाल्या होत्या.

याचा उपयोग काय, ते दोन-तीन वर्षांतच दिसले. दक्षिण आकाशात वेला, म्हणजे जहाजाचे शीड, या नावाचा तारकासमूह आहे. तिथे सिडनी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना १९६८ साली रेडिओ दुर्बिणीने एक स्पंदक सापडला होता. स्पंदक म्हणजे स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचा उरलेला, गरगर फिरणारा गाभा. हा सेकंदाला अकरा वेळा लुकलुकतो. रेडिओवर तो स्पष्ट ऐकू येई, पण प्रकाशात कोणाला त्याचे स्पंदन दिसेना. कारण तो चोविसाव्या प्रतीच्या आसपासचा. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या शेवटच्या, सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे दीड कोटी पट फिका! असा तारा दुर्बिणीला डोळा लावून शोधता येत नाही. गणिताने सांगितलेल्या जागी उपकरणाचे छिद्र ठेवायचे आणि तो त्यात आहे असे धरून प्रकाशाचे कण मोजत बसायचे.

१९७७ साली याच दुर्बिणीने ते स्पंदन पकडले. मिळालेला प्रकाश रेडिओवरून ठाऊक असलेल्या ठेक्यावर घडी घालून एकावर एक रचला, तेव्हा कुठे लुकलुकणे वर आले. मायरने नऊ-नऊ समीकरणांच्या बेरजा केल्या होत्या, त्याच जातीची ही युक्ती. ज्या शोधनिबंधाने ही बातमी जगाला दिली त्यावर डझनभर शास्त्रज्ञांची नावे आहेत, आणि त्यांतले पहिले नाव आहे पॅट्रिक वॉलेस. ज्याने दुर्बिणीच्या चुका मोजल्या, त्याच्या हाती न दिसणारा तारा लागला.

वॉलेस यांचा हा प्रोग्रॅम पुढे 'टीपॉइंट' नावाने जगभरच्या वेधशाळांत गेला आणि आज हौशी माणसेही तो घरच्या संगणकावर चालवतात. रेडिओ दुर्बिणींनाही हीच रीत लागू पडते. आपल्या नारायणगावाजवळ खोडदला आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभ्या आहेत. तिथे काम कलांच्या हिशेबाने चालते, कारण १४२० मेगाहर्ट्झच्या लहरींवरही एका थाळीच्या दृष्टीचा घेर सुमारे चोवीस कलांचा असतो. पण एवढे मोठे लोखंड उन्हापावसात उभे करायचे म्हणजे त्याच्या खोडीही आल्याच, आणि सख्ख्या भावांच्या सवयी जशा सारख्या नसतात तशा एका थाळीच्या खोडी दुसरीच्या कामाला येत नाहीत.

घोकंपट्टीचा धोका

आता पुन्हा आमच्या गच्चीवर येऊ. कार्तिकाच्या वद्य पक्षात, चांदणे नसलेल्या दोन संध्याकाळी आम्ही चाळीस तारे मोजले. आकडे प्रोग्रॅमला दिले. उत्तर आले खरे, पण समाधानकारक नव्हे. पूर्वेकडच्या ताऱ्यांचे छान जुळत होते, पश्चिमेकडचे काही केल्या जुळेनात.

आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याने सुचवले, "सर, प्रोग्रॅममध्ये आणखी पुष्कळ पदे घालता येतात. वीस-पंचवीस घालू. सगळे जुळून जाईल." आणि त्याने घातलीही! खरोखरच सगळे जुळले. उरलेली चूक एवढीशी झाली. पोरे खूष.

आमचे स्नेही मात्र हसले. त्यांनी यादीत नसलेले पाच तारे निवडले आणि दुर्बीण त्यांच्यावर रोखली. पाचांपैकी तीन दिसलेच नाहीत. तेव्हा मला उमजले, कारण हा प्रकार मी जन्मभर पाहत आलो आहे. अपेक्षित प्रश्नांची उत्तरे घोकून आलेला मुलगा त्या प्रश्नांना पैकीच्या पैकी गुण मिळवतो. एक प्रश्न फिरवून विचारला की गप्प. वीस-पंचवीस पदांच्या हिशेबाने ते चाळीस तारे घोकले होते, दुर्बीण ओळखली नव्हती. म्हणूनच जाणते लोक सांगतात की ज्या पदामागे यंत्रातले खरे कारण दाखवता येते तेच पद घालावे, आणि काही तारे परीक्षेसाठी बाजूला ठेवावेत.

मग पश्चिमेचे कोडे काय होते? स्नेह्यांनी दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे नेली आणि नळीच्या मागच्या बाजूला कान लावायला सांगितले. अगदी बारीक 'टक्' असा आवाज आला. आतला आरसा आपल्या बैठकीत सैल होता. दुर्बीण एका बाजूला कलली की तो एका अंगावर बसे, दुसऱ्या बाजूला कलली की कधी सरके, कधी सरकत नसे. "ह्याला गणित नाही," ते म्हणाले. "ह्याला पानाच."

या एका वाक्यात साऱ्या विषयाचे सार आहे असे मला वाटते. चुका दोन जातींच्या. एक चूक पक्की असते. आज जेवढी, उद्याही तेवढीच, आणि त्याच दिशेने. ती कितीही मोठी असो, एकदा मोजली की ती हिशेबात जमा होते. दुसरी चूक लहरी असते. ती केवढीही बारीक असो, वहीत मावत नाही. तिथे हत्यार घेऊन यंत्र उघडावेच लागते. अडचण अशी की नुसते पाहून या दोहोंतला भेद कळत नाही. त्यासाठी आधी सगळ्या चुका प्रामाणिकपणे, काही न झाकता लिहून काढाव्या लागतात. नकोशी नोंद गाळली की हिशेब सुंदर दिसतो आणि तारा दिसत नाही.

तज्ज्ञांनी यंत्रे बांधतानाही हे ओळखले आहे. पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीसाठी मार्क सेरूरिए या अभियंत्याने १९३५ साली नळीचा असा सांगाडा योजला की त्याची दोन्ही टोके वजनाने वाकावीत, पण सारखीच वाकावीत, म्हणजे आरसे एकमेकांसमोर राहतात. वाकू नकोस असे लोखंडाला सांगण्यात अर्थ नाही. नियमाने वाक, एवढेच सांगायचे.

आम्ही आरसा घट्ट केला. पुन्हा दोन संध्याकाळी तारे मोजले, मी पुन्हा वही धरली. या वेळी सातच आकडे ठेवले. उरलेली चूक सरासरीने एका कलेच्या आत आली. मोठ्या वेधशाळेच्या मानाने ही काहीच नव्हे, पण आमच्या आठ इंची दुर्बिणीला पुरेशी होती.

संध्याकाळचे सात वाजले होते. वायव्येला अभिजित चमकत होता. त्याच्या जवळच स्वरमंडळ तारकासमूहात एक कंकणाकृती तेजोमेघ आहे, मरत्या ताऱ्याने आपल्या अंगावरून उतरवलेले वायूचे कवच. डोळ्यांनी तो दिसत नाही, तेव्हा दुर्बीण बरोबर वळली की नाही हे बाहेरून बघून सांगण्याची सोय नव्हती. कळ दाबली. दुर्बीण घरघरली, वळली, थांबली. पहिल्या दिवशी 'नुसता अंधार' म्हणाली होती, तीच मुलगी पुढे झाली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "सर, धुराचं वलय. अगदी मधोमध."

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चुकांशिवाय काही नाही.